अटलांटिकवरची तोकडी रात्र

न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर संध्याकाळचे सहा वाजले, की लंडन, पॅरिस, फ्रँकफुर्ट, ॲम्स्टरडॅम, डब्लिन अशा पूर्वेकडील मुक्कामांना निघणाऱ्या विमानांची जी रीघ लागते ती रात्री अकराच्या सुमारापर्यंत तुटत नाही. आणि यांतील बहुतेक विमानांच्या पुढल्या अंगाला, पडद्याआड, जी मोजकी मंडळी पाय पसरून बसलेली असतात त्यांनी, अथवा बहुधा त्यांच्या कचेऱ्यांनी, मागे दाटीने बसलेल्या प्रवाशाच्या चौपट-पाचपट, आणि प्रसंगी त्याहूनही जबर भाडे भरलेले असते. या मोबदल्यात त्यांना काय मिळते असे विचारल्यास जाहिरातींतून शँपेन, मऊ रजई, नामांकित आचाऱ्याने योजलेले भोजन आणि नावाने संबोधणारी अदब अशी लांबलचक यादी ऐकू येईल. परंतु या मार्गाचा आणि या वेळेचा थोडा बारकाईने विचार केला तर असे दिसून येते, की येथे खरोखर विकली जाणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे झोप. आणि नवलाची गोष्ट अशी, की त्या यादीतील बहुतेक जिनसा या एका वस्तूच्या वाट्यातूनच कापून दिलेल्या असतात.

न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यामधील अंतर सुमारे साडेपाच हजार किलोमीटरचे, आणि लंडनचे घड्याळ, वसंतातील व शरदातील थोडे आठवडे वगळता, न्यूयॉर्कच्या पाच तास पुढे. त्यात भर म्हणजे उत्तर अटलांटिकवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय उंचावरून वाहणारा जो वेगवान वायुप्रवाह आहे, ज्याला जेटप्रवाह म्हणतात, तो पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला पाठीमागून रेटतो. त्यामुळे जाताना जो प्रवास साडेसहा-सात तासांत आटोपतो त्यालाच उलट दिशेने तासभर जास्त, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये इंग्लंडवर ‘कियारा’ नावाचे वादळ चालून येत असताना ब्रिटिश एअरवेजचे एक जंबो विमान या प्रवाहाच्या पाठबळावर न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत जाऊन पोहोचले. न्यूयॉर्कमधील कामाचा दिवस पुरता वापरून दुसऱ्या दिवशी सकाळी लंडनच्या कचेरीत रुजू होण्याची सोय व्यापाऱ्याला हवी असते. सकाळी लंडनला आलेले विमान दुपारच्या फेरीला पुन्हा पश्चिमेकडे पाठवता येते म्हणून कंपनीलाही तीच वेळ सोयीची. आणि अशा रीतीने रात्रीचा हा प्रवास, प्रवाशाचे शरीर सोडून, सर्व संबंधितांच्या संमतीने मुक्रर झालेला आहे.

शरीराच्या बाजूचा जमाखर्च मात्र मांडून पाहण्यासारखा आहे. विमान रात्री आठला फाटकापासून सुटते असे धरू. केनेडीवर त्या वेळी उड्डाणासाठी रांग असतेच, तेव्हा जमीन सुटेपर्यंत आठ वाजून चाळीस मिनिटे होतात आणि पट्टे सोडण्याची मुभा मिळते ती नऊच्या सुमारास. मग गरम रुमाल, पेय, खारवलेले बदाम, पहिले पात्र, दुसरे पात्र, चीज, गोड पदार्थ आणि कॉफी असा क्रम सुरू होतो. तो कितीही तत्परतेने उरकला तरी साडेदहाच्या आत ताटे उचलली जात नाहीत. जमिनीवर उतरण्याची वेळ न्यूयॉर्कच्या घड्याळाने पावणेतीनची, आणि न्याहारी द्यावयाची तर त्याआधी तासाभराहून अधिक वेळ दिवे लावावे लागतात, म्हणजे दीड वाजता. बाकी उरले तीन तास! ज्याच्यासाठी हजारो डॉलर मोजले ते शयन एवढेच, आणि तेही अशा वेळी, की ज्या वेळी न्यूयॉर्कमध्ये हाच गृहस्थ कदाचित अजून दिवाणखान्यात वर्तमानपत्र चाळीत बसला असता. याउलट जो प्रवासी भोजनास नकार देतो, न्याहारीसाठी उठवू नये असे बजावून ठेवतो आणि नऊ वाजताच दिवा मालवतो, त्याच्या पदरात सव्वापाच तास पडतात. भाडे दोघांचे सारखेच.

अटलांटिकवर निजण्याची तजवीज काही आजची नव्हे. १९१९ च्या जूनमध्ये अल्कॉक आणि ब्राऊन या दोघांनी न्यूफाउंडलंडहून उडून सोळा तासांच्या आत आयर्लंडमधील क्लिफडेनजवळच्या दलदलीत आपले विमान नाकावर उतरवले, तेव्हा निजण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. परंतु वीस वर्षांनी, १९३९ मध्ये, पॅन अमेरिकन कंपनीने बोइंग ३१४ या पाण्यावर उतरणाऱ्या अजस्र विमानांतून प्रवासी नेण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांत भोजनाचे दालन होते आणि रात्री आसनांचे पलंग करण्याची व्यवस्थाही होती, कारण अझोर्स बेटांवर थांबत जाणारा तो प्रवास एका दिवसाहून अधिक काळ चालत असे. युद्धानंतर आलेल्या स्ट्रॅटोक्रूझर विमानात तर चक्राकार जिना उतरून खालच्या मजल्यावरील मद्यगृहात जाता येई, आणि ज्यांनी जादा दाम भरले असतील त्यांना वरच्या बाजूस आगगाडीसारखी शायिका मिळे. त्या विमानांचा वेग कमी होता म्हणून रात्र लांब होती, आणि रात्र लांब होती म्हणून पलंगाला अर्थ होता.

हा हिशेब जेट विमानांनी मोडला. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी ब्रिटिश कंपनी बीओएसीच्या कॉमेट विमानाने न्यूयॉर्कहून लंडनला प्रवासी नेले ते सव्वासहा तासांच्या आतबाहेर, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पॅन अमेरिकनचे बोइंग ७०७ पॅरिसच्या मार्गावर आले. आपल्याकडील वाचकांना हे सांगितले पाहिजे, की या जेटयुगाच्या पहिल्या दोनच वर्षांत, मे १९६० मध्ये, तेव्हा मुंबईत मुख्य कचेरी असलेल्या एअर इंडियानेही आपले बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला धाडले. प्रवास निम्म्यावर आल्याबरोबर पलंग अनावश्यक ठरून नाहीसे झाले. सर्वांना बसूनच रात्र काढणे भाग पडले.

आता ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की कॉमेटच्या त्या पहिल्या फेरीला लागलेला वेळ आणि आजच्या अद्ययावत विमानाला लागणारा वेळ यांत सांगण्यासारखा फरक नाही. मध्यंतरी काँकॉर्डने ही मर्यादा मोडून दाखवली. १९७७ पासून लंडन-न्यूयॉर्क अंतर साडेतीन तासांवर आणणाऱ्या त्या विमानात सुमारे शंभर अरुंद आसने होती, पलंग एकही नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. परंतु त्याचा इंधनाचा खर्च अवाढव्य, आवाजामुळे जमिनीवरून ध्वनीच्या वेगापलीकडे उडण्यास मनाई, आणि विमाने इनमिन थोडकी. ऑक्टोबर २००३ मध्ये ते निवृत्त झाले. वेगाची वाट खुंटली, तेव्हा कंपन्यांच्या स्पर्धेने दुसरी वाट धरली: प्रवास लवकर संपवता येत नसेल तर तो निद्रेत संपवून द्यावा. माझ्या मते पडद्याआडच्या त्या वर्गाचा, म्हणजे बिझनेस क्लासचा, गेल्या पाव शतकाचा सगळा इतिहास या एका वाक्यात येतो.

या वर्गाचा जन्म मात्र निद्रेतून नव्हे, तक्रारीतून झाला. १९७० च्या दशकात सवलतीच्या तिकिटांचा सुळसुळाट झाला, आणि ऐनवेळी पूर्ण दराचे तिकीट काढणारा कामकरी प्रवासी पाहू लागला, की शेजारी बसलेल्या सहलकऱ्याने आपल्या निम्म्याहूनही कमी दाम दिले आहेत आणि जेवण मात्र दोघांना एकच. पूर्ण दर भरणाऱ्यांना निराळे बसवावे, थोडी अधिक बरदास्त ठेवावी, एवढ्या माफक हेतूने त्या दशकाच्या उत्तरार्धात निरनिराळ्या कंपन्यांनी पडदे टांगले. आरंभीचा बिझनेस क्लास म्हणजे थोडे रुंद आसन, फुकटचे मद्य आणि शांतता. पुढे आसने मागे कलू लागली, पाय टेकण्यास आधार आला, आणि मग अशी एक अवस्था आली, की आसन सपाट तर होई पण उतरते राही, त्यामुळे निजलेला मनुष्य रात्रभर हळूहळू पायथ्याकडे घसरत जाई. २००० साली ब्रिटिश एअरवेजने याच वर्गात खरोखरीचा आडवा, समतल पलंग आणला, आणि पुढे हळूहळू या मार्गावर त्याहून कमी काही देणे कोणत्याही कंपनीस परवडेनासे झाले.

हा पलंग विमानात बसवणे ही भूमितीची एक कठीण कसोटी आहे. मनुष्य निजला म्हणजे त्याला साडेसहा फूट लांबी लागते. परंतु रुंदी लागते ती केवळ खांद्यांना, पावलांना तिच्या निम्मीसुद्धा पुरते. या एका शारीर सत्यावर सर्व रचना उभ्या आहेत. ब्रिटिश एअरवेजच्या त्या पहिल्या योजनेत दोन शेजारी परस्परांच्या उलट दिशेने तोंड करून बसवले होते, म्हणजे एकाचे खांदे दुसऱ्याच्या पावलांच्या बाजूला येत आणि जागा वाचे. परिणाम असा, की मधला पडदा वर सरकेपर्यंत एका अनोळखी व्यक्तीशी हातभर अंतरावरून तोंडाला तोंड देऊन बसावे लागे, आणि खिडकीकडील मनुष्यास रात्री उठावयाचे झाल्यास निजलेल्या शेजाऱ्याचे पाय ओलांडून जावे लागे. नंतरच्या रचनांत आसने खिडकीकडे अथवा मार्गिकेकडे तिरपी केली गेली, किंवा एकाआड एक पुढेमागे ठेवून मागच्याची पावले पुढच्याच्या बाजूच्या मेजाखालील कोनाड्यात सारली गेली. हल्ली रुंद विमानात एका ओळीत चारच आसने असतात, एक खिडकीशी, दोन मध्ये, एक पलीकडे, जेणेकरून प्रत्येकाला थेट मार्गिकेत उतरता यावे. त्याच विमानाच्या मागील भागात त्याच रुंदीत नऊ किंवा दहा माणसे बसतात. अलीकडे आसनाभोवती कमरेएवढ्या अथवा छातीएवढ्या उंचीची भिंत आणि सरकते दारही आले आहे. त्या पावलांच्या कोनाड्याकडे मात्र जाणकार प्रवासी प्रथम पाहतो, कारण तो अरुंद असला तर कुशीवर वळताना गुडघे अडतात. पहिल्या ओळीतील आसनांचे कोनाडे बहुधा अधिक प्रशस्त असतात, म्हणून त्यांना मागणी अधिक.

यावर सुरक्षेचे नियम आहेतच. आसन गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट धक्क्याच्या परीक्षेत टिकले पाहिजे; आणि तिरप्या आसनात धक्का बसता मस्तक बाजूस आदळण्याचा संभव अधिक, म्हणून अशा काही आसनांच्या कंबरपट्ट्यात फुगणारी पिशवी दडवलेली असते. निजताना पट्टा रजईच्या वरून बांधावा, ही सूचना फार थोडे लोक पाळतात. तिचे कारण साधे आहे: जेटप्रवाहाच्या काठाने जाताना विमान हेलकावे खाते, पट्ट्याचा दिवा लागतो, आणि ज्याचा पट्टा दिसत नाही त्याला कर्तव्य म्हणून उठवून विचारावे लागते. अशा रीतीने जागे झालेला मनुष्य पुन्हा झोपी जाईपर्यंत आयर्लंडचा किनारा येतो.

त्या काळोखात विमान नेमके कोणत्या मार्गाने चालले आहे, हे पलंगावरच्या प्रवाशास क्वचितच ठाऊक असते. आणि मला तर पुढच्या भागातील सर्व सरबराईपेक्षा हा बंदोबस्त अधिक रोचक वाटतो. अटलांटिकच्या मध्यभागी रडार पोहोचत नाही. म्हणून त्या दिवशीचा जेटप्रवाह कोठून वाहतो हे पाहून दिवसातून दोनदा समांतर आकाशमार्गांचा एक संच आखला जातो: दिवसा पश्चिमेकडे जाणाऱ्यांसाठी शॅनविक हे केंद्र, ज्यात आयर्लंडमधील शॅनन आणि स्कॉटलंडमधील प्रेस्टविक यांची जोड आहे, आणि रात्री पूर्वेकडे जाणाऱ्यांसाठी न्यूफाउंडलंडमधील गँडर. पश्चिमवाटांना इंग्रजी वर्णमालेच्या आरंभीची अक्षरे मिळतात, पूर्ववाटांना शेवटची. एकामागून एक, वरखाली हजार-हजार फुटांचे अंतर राखून, नेमून दिलेल्या वेगाने विमाने या अदृश्य वाटांवरून जातात. कित्येक दशके वैमानिक ठराविक रेखांश ओलांडला, की खरखरत्या रेडिओवरून आपला ठाव कळवीत असत. २०१९ पासून उपग्रहांच्या साहाय्याने समुद्राच्या मध्यावरही विमानाची जागा नियंत्रकास सतत दिसू लागली आहे. दोन एंजिनांच्या विमानांना या समुद्रावरून पाठवण्याची मोकळीक १९८५ पासून मिळाली ती या अटीवर, की एक एंजिन बंद पडले तरी मुक्रर वेळात गाठता येईल असा विमानतळ सदैव आवाक्यात असावा; गँडर, गूज बे, आइसलंडचे केफ्लाविक आणि अझोर्समधील लाझेस ही त्या वाटेवरील आश्रयस्थाने. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाले, तेव्हा एकट्या गँडरने अडतीस प्रवासी विमाने उतरवून घेतली होती, आणि त्या आडगावच्या शाळांतून व चर्चमधून बिझनेस क्लासचे आणि साध्या वर्गाचे लोक शेजारी शेजारी अंथरुणे घालून निजले होते.

आता भोजनाविषयी, कारण ज्याच्यापायी झोप खर्ची पडते त्याची योग्यता पाहणे प्राप्त आहे. विमान चाळीस हजार फुटांच्या आसपास उडत असले तरी आत हवा दाबून भरलेली असते. हा दाब आठ हजार फूट उंचीवरील हवेपेक्षा विरळ होऊ द्यावयाचा नाही असा नियम आहे, आणि बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० यांसारख्या नव्या विमानांत तो सहा हजार फुटांइतका ठेवतात. म्हणजे सर्वांत सुखकर विमानातही आपण कळसूबाईच्या माथ्याहून उंच ठिकाणी निजलेले असतो, आणि तेही अशा कोरड्या हवेत, की जिच्यातील आर्द्रता मुंबईकराने आयुष्यात अनुभवलेली नसते. नाक कोरडे पडते, आणि वास मंदावला की चव मंदावते. लुफ्तान्झा कंपनीने जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेकडून या गोष्टीची परीक्षा करविली. कमी दाबाच्या खोलीत विमानाचा सांगाडा ठेवून त्यात माणसांना जेवू घातले असता दिसून आले, की मीठ आणि साखर यांची चव लक्षणीय रीतीने उतरते. टोमॅटोचा रस मात्र, जो जमिनीवर मातकट लागतो, तो तेथे अधिक रुचकर वाटतो. आपल्या आमटीभाताला आकाशात जे मिळमिळीतपण येते त्याचा दोष सर्वस्वी आचाऱ्याकडे जात नाही. मद्याचे प्रकरण त्याहून गंभीर आहे. २०२४ साली जर्मन अवकाश केंद्राच्या संशोधकांनी विमानातल्याइतक्या विरळ हवेत मद्य घेऊन निजणाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्या रक्तातील प्राणवायू घटलेला, हृदयाचे ठोके वाढलेले आणि झोप उथळ झालेली आढळली. ज्या पेयाने पडद्याआडचे स्वागत होते तेच पेय पडद्याआडच्या मुख्य मालाची नासाडी करते.

कंपन्यांना हे कळत नाही असे नाही. म्हणूनच न्यूयॉर्कसारख्या विमानतळावर काही कंपन्यांनी उड्डाणापूर्वी विश्रामकक्षातच पूर्ण भोजन देण्याची प्रथा पाडली, की प्रवासी जेवून चढावा आणि चढल्याबरोबर निजावा. आणि लंडनला उतरल्यावर स्नानगृह, इस्त्रीची सोय व न्याहारी असलेला आगमनकक्षही उभा केला, की न्याहारीसाठी आकाशातील झोप मोडू नये. माझ्या मते ही दोन दालने विमानातील कोणत्याही सेवेहून मोलाची आहेत, आणि तरीही रात्री साडेनऊ वाजता पुढच्या भागात फेरफटका मारला तर बहुसंख्य मंडळी चांदीसारख्या काट्याचमच्यांनी जेवताना दिसतील. दाम मोजलेले असले म्हणजे उपभोगल्यावाचून राहवत नाही. मनुष्यस्वभावाला वर्गाचा पडदा आड येत नाही. शाकाहारी वाचकांसाठी येथे एक व्यवहाराची गोष्ट: भारतीय पद्धतीचे शाकाहारी जेवण, ज्याचा परवलीचा शब्द एव्हीएमएल असा आहे, ते निदान एक दिवस आधी नोंदवावे लागते, आणि ही नोंद महाग वर्गातही आपोआप होत नाही.

हा सारा खर्च कोण भरतो? बहुधा बँका, वकिलांच्या पेढ्या, औषधकंपन्या, सल्लागार मंडळ्या, आणि त्यांच्याबरोबर झालेले वार्षिक करार. न्यूयॉर्क-लंडन या एका जोडीवर ब्रिटिश एअरवेजला एका वर्षात एक अब्ज डॉलरांहून अधिक महसूल मिळाल्याची नोंद आहे, आणि त्याचे रहस्य पुढच्या भागात आहे. हे पाहून कित्येकांना मोह झाला, की मागचा भाग काढूनच टाकावा. इऑस नावाच्या कंपनीने ज्या बोइंग ७५७ विमानात दोनशे माणसे सहज मावतात त्यात अवघी अठ्ठेचाळीस आसने मांडली. मॅक्सजेट आणि सिल्व्हरजेट यांनी त्याच धर्तीवर विमाने काढली. तेल भडकले, बाजार कोसळू लागला, आणि डिसेंबर २००७ ते मे २००८ या सहा महिन्यांत तिघींचेही दिवाळे वाजले. पॅरिसहून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला शहात्तर आसनांची विमाने चालवणारी ला कोम्पानी ही फ्रेंच कंपनी मात्र २०१४ पासून तग धरून आहे. एकंदरीत पाहता मागच्या भागातील तीनशे लोक पुढच्या भागातील पन्नासांचे ओझे वाहतात, की पुढचे पन्नास मागच्या तीनशेंचे, हा वाद सुटण्याजोगा नाही. दोघांना एकमेकांवाचून उडता येत नाही एवढे मात्र दिसते.

सरकारचेही या पलंगावर लक्ष आहे. ब्रिटनहून निघणाऱ्या प्रवाशावर जी जकात बसते तिचा दर आसनाआसनांतील अंतर चाळीस इंचांहून अधिक असल्यास दुपटीहून वर जातो, म्हणून चोखंदळ प्रवासी आपली फेरी लंडनऐवजी डब्लिनहून सुरू करतात. हवेच्या प्रदूषणाचा हिशेबही त्याच इंचांवर चालतो: लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासमधील प्रवाशाच्या माथी साध्या वर्गातील प्रवाशाच्या सुमारे तिप्पट कर्बभार पडतो असे ब्रिटिश सरकारचेच कोष्टक सांगते, कारण त्याने तेवढी जमीन अडवलेली असते. हे ऐकून कोणी पलंग सोडून उठल्याचे अद्याप ऐकिवात नाही.

न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आणि युरोपमार्गे मुंबईला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने ही रात्र म्हणजे प्रवासाचा केवळ पूर्वार्ध असतो. मैल साठवून साठवून एखादा टप्पा वरच्या वर्गात करण्याची संधी त्यांना मिळते, तेव्हा बहुतेक जण हौसेने न्यूयॉर्कहून निघणारा पहिला टप्पा निवडतात. वस्तुतः ती निवड चुकीची आहे. पहिला टप्पा सात तासांचा, त्यातले तीन-चार तास झोपेचे. लंडन ते मुंबई हा दुसरा टप्पा नऊ तासांचा, आणि तो रात्रीचा असेल तर पलंगाचे चीज तेथे अधिक होते. वृद्ध आईवडिलांना पाठवावयाचे असेल तर हे अवश्य ध्यानात ठेवावे.

ज्याला सकाळी दहाला लंडनमध्ये सहीसाठी बसावयाचे आहे, ज्याची कंबर दुखावलेली आहे, किंवा ज्याचे भाडे दुसऱ्याच्या दप्तरातून वळते होते, त्याने हा पलंग खुशाल घ्यावा, जमिनीवरच जेवून चढावे आणि न्याहारीला नकार द्यावा. परंतु ज्याची पुढची सकाळ कोणाच्या हुकमतीखाली नाही, त्याला दुसरा मार्ग मोकळा आहे, आणि तो फारसा कोणी वापरत नाही. न्यूयॉर्कहून सकाळी आठच्या सुमारास निघून त्याच रात्री आठच्या सुमारास लंडनला उतरणारी दिवसाची विमाने आहेत, थोडी आहेत, पण रोजची आहेत. त्यांत साध्या वर्गात खिडकीशी बसून ग्रीनलंडच्या दक्षिणेकडील ढग पाहत जाता येते, आणि रात्री अकरा वाजता लंडनमध्ये खऱ्या पलंगावर आठ तास निजता येते. त्या खोलीचे भाडे धरूनही हा प्रवास पडद्याआडच्या तीन तासांपेक्षा पुष्कळच स्वस्त पडतो.